झालरीवरचा डाग

काय हो, पांढरं म्हणजे स्वच्छ, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

शाळेनं? आईनं? साबणाच्या जाहिरातीतल्या त्या हसऱ्या बाईनं? कुणीही शिकवलं असो, अर्धवट शिकवलं. आणि मान हलवण्याआधी एक ध्यानात घ्या, हाच प्रश्न कुणी नीळकाकूंना भर दुकानात विचारला असता, तर त्यांनी विचारणाऱ्याची कॉलर धरून उलटी केली असती आणि तिच्यातला मळ त्याच्याच नाकाखाली धरला असता. "हे पांढरं आहे का? नाही ना? मग तू स्वच्छ आहेस का? नाही ना? काढ शर्ट!"

ही थाप नव्हे. एक वकीलसाहेब नुसता कोट न्यायला आले होते. काकूंना त्यांच्या अंगातल्या शर्टावर शाईचा ठिपका दिसला. संपलं. साहेब बनियनवर बाकड्यावर बसले, समोरून अख्खी गल्ली ये-जा करतेय, आणि काकू आत ठिपक्याशी कुस्ती खेळताहेत. शर्ट वाळून, इस्त्री होऊन अंगावर चढेपर्यंत साहेबांना हलू दिलं नाही. साहेब तेव्हापासून पक्कं गिऱ्हाईक. भीतीनं म्हणा, प्रेमानं म्हणा.

नीळकाकू हे गल्लीनं ठेवलेलं नाव. पांढऱ्या कपड्याला शेवटचा हात निळीचा लागतो आणि काकूंच्या नखांच्या कडा बारा महिने निळ्या, म्हणून. लाँड्री गल्लीच्या तोंडाशी. पुढे काचेचं दुकान, मागे भट्टी, वर राहायच्या दोन खोल्या. इस्त्रीच्या टेबलामागे काकूंचे यजमान. त्यांना गल्ली कडककाका म्हणते, कारण त्यांच्या हातची घडी कडक. माणूस मात्र उकडलेल्या बटाट्याहून मऊ. दिवसभरात चार वाक्यं बोलणार, त्यातली तीन 'हो' असणार आणि चौथं असं असणार की काकूंचा पारा चढलाच पाहिजे.

या दोघांना एकच लेक. मालवाहू जहाजावर विजेची कामं करते. वायर दिसली की हिचे हात शिवशिवणार, आईला मळ दिसला की शिवशिवतात तसेच. आणि आता काळजावर दगड ठेवून ऐका: लाँड्रीवालीची ही लेक स्वतःचे कपडे स्वतः धुते. वरच्या मोरीत, स्वतःच्या हातानं. आईला हात लावू देत नाही.

कारण लाल कोट. पोर शाळेत होती तेव्हा तिच्याकडे मोठ्या बटणांचा लालभडक कोट होता. झोपतानाही काढायची नाही. एक दिवस खिशावर डाग पडला. काकूंनी कोट सोड्यात घालून भट्टीत टाकला. डाग गेला. लालही गेला. बाहेर आलं ते हिरडीच्या रंगाचं, कशालाच न शोभणारं काहीतरी. काकू काय हार मानतात! बाजार पालथा घातला, हुबेहूब तसाच दुसरा कोट शोधला आणि गुपचूप खुंटीला टांगला. पोरीनं खिशात हात घातला मात्र.

"हा माझा नाही. माझ्या खिशाला भोक होतं."

बस्स. ना रडली, ना ओरडली. दुसऱ्या दिवशी साबणाची वडी घेऊन मोरीत गेली, ती आजतागायत.

तर अशा लेकीनं दुकानात काउंटरशेजारी एक टाकी उभी केली. वरच्या खोल्यांची जमीन तेवढं वजन पेलणार नव्हती म्हणून दुकानात. मिठाचं पाणी, आत लाट उठवणारा छोटा पंखा, दोन नारिंगी मासे, खडक, आणि मधोमध तिचं लाडकं प्रवाळ. मित्राच्या टाकीतल्या जुन्या प्रवाळाचा बोटाएवढा तुकडा तिनं आणला होता, वाढवत वाढवत तळहाताएवढा केला. मऊ, फुगीर, चुण्याचुण्यांचं. कडेनं हिरवं आणि आत लालभडक, अगदी त्या कोटासारखं. लाँड्रीतल्या पोरीनं नाव काय ठेवावं? झालर.

नव्या जहाजावर जायच्या दिवशी तिनं आईला टाकीसमोर उभं केलं. "आई, सकाळी माशांना चिमूटभर खाणं. पाणी आटेल तेवढं या बाटलीतलं भरायचं. झालं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? पुसायचं कधी? घासायचं कधी?"

"आई. तुझ्यासाठी अवघड आहे, ठाऊक आहे मला. पण एवढं एक कर. काही करू नकोस."

कडककाका इस्त्रीआडून म्हणाले, "त्यापेक्षा तिला डोंगर हलवायला सांग."

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की इस्त्री नसती तरी शर्टाची चुणी मोडली असती. पण आतून त्या हवेत होत्या. त्या कोटानंतर पोरीनं आपली वस्तू आईच्या हाती दिली होती ती ही पहिलीच. लेकीची टॅक्सी वळणाआड गेली तेव्हा काकू काचेला हात लावून टाकीला म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. मी आहे."

झालरीला कान असते तर तिनं तिथेच उडी मारली असती.

पहिले काही दिवस काकूंनी खरंच काही केलं नाही. म्हणजे हात मागे बांधून टाकीसमोर उभ्या राहायच्या. मग काचेच्या कोपऱ्यात हिरवट थर दिसला. तो पुसणं म्हणजे 'काही करणं' थोडंच? पुसला. मग पाणी गाळणारी कापसाची गादी मळकी दिसली. बदलली. मळक्या गादीनं पाणी गाळायचं म्हणजे मळक्या फडक्यानं ताट पुसण्यासारखं, नाही का? मग रोजच बदलू लागल्या. पाण्यातली सूक्ष्म घाण खेचून घेणारे दाणे मिळतात असं कळलं, ते पिशवीभर आणून गाळणीत ओतले. माशांनी शी केली की काकू नळी घेऊन हजर. मासेसुद्धा बिचारे दबकून बसायला लागले, पाहुण्यांच्या घरी संडासला जाताना बसतो तसे.

आणि मग त्यांचं लक्ष वर गेलं. दिव्याखाली लेकीनं जाळीच्या पडद्याचा एक तुकडा दुहेरी घालून बांधला होता. धुळीनं राखाडी झालेला.

"शी! असल्या उजेडात माझी लेक हिला ठेवते?"

काकूंनी तो तुकडा सोडला, भिजवला, धुतला, निळीत बुडवला, खळ दिली. वाळल्यावर तो इतका सुरेख दिसायला लागला की दिव्याखाली परत बांधायला जीव होईना. चांगलं कापड आहे म्हणून घडी घालून कपाटात ठेवून दिलं. आता सांगा, या जगात लाँड्रीवालीखेरीज कुणाच्या हातून ही चूक झाली असती? जाळी कशासाठी होती, हा विचार मनाला शिवलाच नाही. मळकी होती, एवढं पुरलं.

टाकी लखलखली. पाणी असं की मासे हवेत तरंगताहेत वाटावं. पाववाला टोपल्या खाली ठेवून बघत राहिला. "काकू, यात पाणी आहे ना?"

"बोट घालून बघ. पण आधी हात धू."

आणि त्या लखलखाटात झालर उजळायला लागली. लाल गुलाबी झालं, गुलाबी मलईचं झालं. काकूंचा आनंद गगनात मावेना. कडककाकांना हाताला धरून ओढत आणलं. "बघा! बघा म्हणते! इतकी वर्षं पोरीनं मळकी ठेवली होती. आतून कशी निघाली!"

कडककाकांनी चष्मा कपाळावर घेतला, परत नाकावर घेतला. "लाल होती ना?"

"मळ होता तो!"

"हो," काका म्हणाले. हे त्यांचं त्या दिवसातलं तिसरं 'हो' होतं, त्यामुळे विषय मिटला.

शेवटी झालर पांढरीशुभ्र झाली. तशी शुभ्रता काकूंनी आयुष्यात काढली नव्हती. चादरी नाहीत, डॉक्टरांचे कोट नाहीत. गल्ली लोटली बघायला. वकीलसाहेब म्हणाले, "वा!" शिवणकामवाली म्हणाली, "पावडर कुठली वापरता?" काकू पदरात हसल्या. "हाताचा गुण आहे."

अशा या विजयोत्सवात टाकीवाला दुकानाचे पडदे धुवायला घेऊन आला. चौकातल्या मासे-टाक्यांच्या दुकानाचा हा मालक, तोंडाळ, पण माशांवर जीव टाकणारा. त्यानं टाकीकडे पाहिलं आणि हातातला गठ्ठा धपकन पायावर पडला.

"काकू! काय केलंत हे?"

"धुतली." काकूंची मान ताठ. "तुझ्या दुकानात आहे का एक तरी अशी?"

"अहो, रोज एक निघते! आम्ही ती कचऱ्यात टाकतो!"

इस्त्री तेवढी फुसफुसली.

"तोंड सांभाळून बोल हं," काकू म्हणाल्या, पण आवाजातली खळ गेली होती.

टाकीवाल्यानं डोक्याला हात लावला. "काकू, ही मालकीण आहे ना, हिच्या मांसात भाडेकरू राहतात. शेवाळासारखे, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. उजेडावर स्वयंपाक करतात आणि भाडं म्हणून हिला जेवू घालतात. हिचा रंग म्हणजे निम्मा त्यांचाच संसार. तुम्ही पाणी इतकं घासलंत की त्यांना खायला कण उरला नाही. वरून हा उजेड भट्टीसारखा सोडलात. लेकीनं माझ्यासमोर बांधलेली जाळी कुठाय दिव्याखालची?"

"धुऊन ठेवलीय. खळ घालून."

"खळ घालून!" टाकीवाला रडावं की हसावं अशा आवाजात म्हणाला. "भाडेकरू गेले घर सोडून. हे पांढरं दिसतंय ते हिचं हाड. वरचं मांस काचेसारखं रिकामं झालंय. धुतलेली नाही ही, उपाशी आहे. गेल्यात जमा."

काकू मटकन बाकड्यावर बसल्या. वकीलसाहेब बनियनवर बसले होते, त्याच जागी. डोळ्यांपुढे कोट आला असणार, कारण ओठ पुटपुटले, "लाल होती."

टाकीवाल्याला दया आली. तो जवळ सरकला, आवाज खाली आणला. "हे बघा, माझ्याकडे परवा माल येतोय. समुद्रातून ताजा काढलेला. याच जातीचा, याच रंगाचा, याच मापाचा तुकडा देतो निवडून. लेक यायच्या आत बसवून टाकू. तिला पत्ता लागणार नाही."

आता काकूंच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा. बहुतेकांनी पिशवी पुढे केली असती.

काकू उठल्या. नाकपुड्या फुगलेल्या. "म्हणजे माझा गाढवपणा झाकायला तिकडे समुद्रात कुणाची तरी मान मोडायची? का रे? समुद्र काय तुझ्या दुकानाची मागची खोली आहे? आणि पत्ता लागणार नाही? हुबेहूब दुसरं आणून टांगण्याचा उद्योग मी एकदा केलाय. माझ्या पोरीनं खिशात हात घालून ओळखलं होतं. ही गेली असं म्हणतोस ना? पुरावा दे. मेल्याचा पुरावा दे, मग रडते."

टाकीवाला चिडला. "देतो!" त्यानं धावत दुकानातून कोळंबी आणली, ठेचून रस काढला, ड्रॉपरमध्ये भरला आणि झालरीवर अलगद सोडला. दोघं काचेला नाक लावून उभी. कडककाका मागून चवड्यांवर. काही हललं नाही. टाकीवाला म्हणाला, "बघा, सांगितलं हो—"

"थांब!"

पांढऱ्या चुण्यांच्या मधोमध एक बारीक फट हलली. मग उघडली. मग कडेनं काचेच्या केसांसारखे इवले इवले हात बाहेर आले आणि चाचपडत रस आत ओढायला लागले, आंधळ्या म्हातारीनं चमचा शोधावा तसे.

"जिवंत आहे!" टाकीवाला ओरडला. काकू ओरडल्या. बाहेरून पाववालाही ओरडला, का ते त्याला ठाऊक नव्हतं. टाकीवाल्यानं काकूंना मिठी मारली आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कडककाकांनाही मारली.

"आता ऐका," तो धापा टाकत म्हणाला. "दाणे काढा. माशांना जास्त खायला घाला, खुशाल घाण करू द्या. हिला कोळंबीचा रस. उजेड कमी. आणि टाकीत हात घालायचा नाही. थोडे भाडेकरू कोपऱ्याकापऱ्यात उरले असतील तर तेच पुन्हा पोरंबाळं वाढवतील. आधी तपकिरी येईल. मग नशीब असेल तर लाल."

"आणि मी काय करू?"

"सांगितलं ना. काही नाही."

इस्त्रीमागून आवाज आला, "हे आधी कुणीतरी म्हणालं होतं."

लढाया कशा असतात ते तुम्ही वाचलंच असेल. तलवारी, घोडे, तोफा. त्यातलं काही नाही. खरी लढाई म्हणजे नीळकाकूंनी शेवाळलेल्या काचेकडे पाहत बसून राहणं.

उजेडाचं त्यांनी स्वतःच जमवलं, आपल्या पद्धतीनं. कपाटात गिऱ्हाइकांनी कधी न नेलेले जाळीचे पडदे होते. त्यांचे चौकोन कापून दिव्याखाली थरावर थर बांधले. ठरवलं की झालर जसजशी सावरेल तसा एकेक थर सोडायचा, आजारी माणसाच्या अंगावरची पांघरुणं काढतात तसा. टाकीवाल्यानं बघितलं आणि मान डोलावली. "हे मला सुचलं नसतं."

"तुझे पडदे धुणारी मी," काकू म्हणाल्या, "सुचणार कुणाला?"

बाकी सगळा छळ होता. काचेवर साय धरल्यासारखं हिरवं चढलं. काकूंनी स्टूल फिरवून टाकीकडे पाठ केली. पाठीला दिसायला लागलं. कडककाकांनी इस्त्रीचं टेबल ढकलून टाकी आणि बायको यांच्यामध्ये आणलं. "अहो, वाट अडवता?" "हो." मासे मात्र हरखले. आता ते खाऊन खाऊन भर दुकानात, सर्वांदेखत, ताठ मानेनं शी करू लागले.

हातांना काम हवं. ते हात मग गल्लीवर उतरले. काकूंनी बाकड्याची खोळ धुतली, पाववाल्याच्या टोपलीची फडकी धुतली, टॅक्सीवाल्याच्या गाडीत घुसून सीटची कव्हरं उपसून आणली. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेल्या माणसाच्या गळ्यातला टॉवेल ओढला. गल्ली इतकी पांढरी झाली की दुपारी डोळ्यांवर हात धरून चालावं लागे. शिवणकामवाली पैज लावायची की आज काकू कुणाला सोलणार. वकीलसाहेब मुद्दाम शाई सांडून यायचे. म्हणायचे, "सार्वजनिक हित आहे."

मध्येच लेकीचा फोन आला. मागे जहाजाची घरघर.

"आई, झालर कशी आहे?"

"बरी आहे. जेवते नीट."

"रंग?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. कडककाका छताकडे बघत होते. "रंग... आहे."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "पांढरा हाही रंगच."

त्या दिवशी काकांना जेवणात मीठ मिळालं नाही.

आणि मग एका सकाळी काकू रसाचा ड्रॉपर घेऊन टाकीशी गेल्या. कडककाका समोर वकीलसाहेबांच्या शर्टावर इस्त्री फिरवत होते. काकू वाकल्या. झालरीच्या कडेला, एका चुणीत, चहाचा थेंब सांडावा तसा तपकिरी ठिपका.

डोक्यानं काही म्हणायच्या आत हात निघाला. बाही वर, डाव्या हातात कॉलरचा मऊ ब्रश, कोपरापर्यंत हात पाण्यात. जन्माची सवय. ब्रशचे केस झालरीपासून नखभर अंतरावर आले आणि काकूंच्या तोंडून किंचाळी फुटली,

"डाग!"

हात बाहेर. ब्रश भिंतीवर.

"अहो, डाग! डाग पडला! आपल्या झालरीला डाग पडला हो!"

एवढं मोठं दुकान, इतकी वर्षं, तिथं हा शब्द आनंदानं कुणी उच्चारला नव्हता. कडककाका धावले. इस्त्री शर्टावरच राहिली. काकूंनी त्यांचे दोन्ही हात धरून फेर धरला, ओल्या हातानं, मिठाचं पाणी उडवत. धूर निघाला तेव्हा कुठे दोघांना वास आला. वकीलसाहेबांच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण भाजून निघाला होता, कडककाकांच्या हातून जळालेला आयुष्यातला पहिला शर्ट. काकूंनी तो शर्ट काठीला लावून दुकानाबाहेर फडकावला. टाकीवाला चौकातून पळत आला. पाववाला आला. शिवणकामवाली मान वाकडी करून म्हणाली, "एवढासा डाग? आणि त्याच्यासाठी एवढा गोंधळ?"

"एवढासा?" काकू उसळल्या. "पाडून दाखव असा! शाई सांडशील, तेल सांडशील. हा डाग सांडून पडत नाही बाई. हा हात बांधून पाडावा लागतो."

वकीलसाहेब आपल्या शर्टाकडे बघत म्हणाले, "दावा लावू का?"

"लावा. साक्षीला मासे येतील."

ठिपक्याचा डाग झाला, डागाचा पट्टा. काकू एकेक जाळी सोडत गेल्या, आणि सोडलेली प्रत्येक जाळी मात्र हौसेनं धुतली. तपकिरीच्या कडेला एक दिवस नखाएवढी लाली दिसली. मधला भाग अजून दातासारखा पांढरा होता. लेक यायला अवकाश होता, काकूंनी मनातल्या मनात हिशेब बांधला होता, तोवर सगळी भरेल.

पण जहाजांना कुठे काकूंच्या मनातलं कळतं? एका दुपारी दार ढकलून लेक आत आली. पाठीवर बॅग, चेहरा उन्हानं रापलेला. काकूंनी तोंडाची वाफ न दवडता हाताला लागली ती दुहेरी चादर उचलली आणि टाकीपुढे पसरून, दोन्ही हात फाकवून उभ्या राहिल्या.

"आई, चादर बाजूला कर."

"वाळत घातलीय."

"कोरडी आहे."

"मग... दाखवतेय. छान निघालीय ना?"

"आई."

काकूंनी कडककाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "हो." पण हा 'हो' वेगळा होता. काकूंनी चादर सोडली.

लेक वाकली. काच धरून बराच वेळ बघत राहिली. तोवर काकूंच्या तोंडाचं धरण फुटलं होतं. कापूस, दाणे, जाळी, खळ, "मळ होता वाटलं मला", कोळंबी, टाकीवाला, सगळं एका श्वासात. शेवटी, "तो म्हणाला दुसरी आणून देतो, हुबेहूब."

"मग आणली का नाहीस?"

काकूंनी पदराचं टोक पिळलं. त्यात पाणी नव्हतं. "तिच्या खिशाला भोक नसतं."

लेक काचेकडे वळली. मग तिचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं रडतेय. पोर हसत होती. हसत हसत खाली बसली, काचेला डोकं टेकलं, पुन्हा हसली. "आई, तुझ्या दुकानात भर काउंटरवर डाग आहे!"

"असू दे. कष्टानं पाडलाय."

"काचेवर शेवाळ आहे!"

"हात लावलास तर बघ."

मग कडककाकाही हसायला लागले. उकडलेला बटाटा हसला की कसा दिसतो ते त्या दिवशी गल्लीला कळलं.

हसू ओसरल्यावर लेकीनं बॅग उघडली. कपडे वर मोरीत न्यायचे म्हणून एका बाजूला काढायला लागली. मध्येच थांबली. जहाजावरचा तिचा कामाचा अंगरखा, ग्रीसनं माखलेला, लालभडक, तिनं उचलला आणि आईच्या अंगावर फेकला.

"धू. गार पाण्यात."

काकूंनी तो हवेतच झेलला. छातीशी धरला. ग्रीस पदराला लागलं, कडककाकांनी पाहिलं, काकूंनी पाहिलंच नाही. भट्टीकडे पाठ करून गार पाण्याच्या नळाशी गेल्या आणि सोड्याचा डबा वाटेत आला तो पायानं लांब सारला.

लेक पुन्हा जहाजावर गेली ती काहीही न बजावता. झालर आता पुन्हा कडेनं हिरवी आणि आत लालभडक आहे. पण एकटी नाही. टाकीवाल्याच्या तोंडाला कुलूप कुठलं? गावभर सांगत सुटला. मग लोक यायला लागले. कुणाच्या टाकीचा हीटर बिघडून पाणी तापलेलं, कुणी नवा दिवा भसकन लावलेला, कुणी काकूंसारखंच घासून घासून उपाशी मारलेलं. सगळ्यांच्या हातात पांढरी पडलेली प्रवाळं. टाकीवाला स्वतःच्या दुकानातली आणतो, जी तो कचऱ्यात टाकायचा. काउंटरशेजारी आता दुसरी टाकी आहे, वर जाळीचे थर. सगळीच वाचत नाहीत. काही येतात तेव्हाच मांस सुटलेलं असतं, त्या दिवशी काकूंशी कुणी बोलायचं नाही. पण बरीच वाचतात, आणि पहिला डाग पडला की काठीला तोच भाजका शर्ट चढतो. वकीलसाहेबांनी तो परत मागितलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. तुमच्या टाकीतलं प्रवाळ पांढरं पडलं तर ते गेलं समजून फेकू नका, आणि त्याच्या जागी समुद्रातून तोडलेलं दुसरं तर मुळीच आणू नका. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीत घाला आणि गल्लीच्या तोंडाशी या. फक्त येताना आठवणीनं अंगात एखादा मळका शर्ट घालून या. ते प्रवाळ बरं होईस्तोवर काकूंच्या हातांना काहीतरी घासायला लागतं.